वेल्डरच्या मागे वीस मीटर

भूमापन कार्यालयात नकाशे काढणाऱ्या ताईंना किळस लवकर येई, आणि ती लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने बोट जिभेला लावून कागद उलटला, की त्या तो कागद चिमटीत धरून त्याच्या देखत ओल्या फडक्याने पुसत. कपाच्या कडेवर कुणाच्या ओठांचा पुसट ठसा दिसला, तर चहा न पिताच कप परत पाठवीत. कार्यालयाच्या जिन्याच्या कठड्याला त्यांनी एकवीस वर्षांत हात लावला नव्हता. "ताईंना स्वर्गात नेलं तरी त्या आधी बाकडं पुसून घेतील," असे सहकारी म्हणत. यात विनोद कोणता, हे ताईंना कळत नसे. बाकडे पुसायला नको का?

अशा बाईने सायकलीचा नाद का लावून घ्यावा, हा प्रश्न रास्त होता. रस्त्यावरचा सायकलस्वार घाम, शेंबूड, थुंकी आणि चेनचे काळे तेल या चार पदार्थांनी माखलेला असतो, आणि क्लबात असे तीस जण होते. या प्रश्नाचे उत्तर ताईंच्या घरातल्या मागच्या खोलीत बसलेले असे. क्लब त्यांच्या वडिलांनी काढला होता. वडील बेचाळीस वर्षे वेल्डर होते. क्लबातल्या निम्म्या सायकलींच्या फ्रेम त्यांनी स्वतः जोडल्या होत्या आणि क्लबात सगळे त्यांना वेल्डरकाका म्हणत. सातव्या वर्षी त्यांनी ताईंना एक लहान सायकल करून दिली आणि 'चाक धरायला' शिकवले. चाक धरणे म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर आपले पुढचे चाक ठेवणे. पुढचा वाऱ्याचा मार झेलतो आणि मागच्याला निम्म्या कष्टात तेवढाच वेग मिळतो. ताईंना हे पाढ्यांच्या आधी आले. लहानपणीचा त्यांना आठवणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता वडिलांच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना आहे, मधोमध पाठ.

बेचाळीस वर्षांचा धूर पुढे फुप्फुसांत उतरला. वडील बोलता बोलता थांबत, खोकत, आणि खोकल्यातून जे निघे ते एका झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात टाकत. साथ आली तेव्हा फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितले की हा आजार यांना झाला तर आठवडा निघणार नाही. तेव्हापासून वडील मागच्या खोलीत होते. ताट दाराशी ठेवायचे, दोन मीटर मागे सरायचे, मग ते उचलणार. भांडे सकाळ-संध्याकाळ ताई धूत. खोलीच्या दारापासून मोरीपर्यंत अकरा पावले होती आणि तेवढी पावले त्या श्वास रोखून चालत.

या पाच महिन्यांत ताईंनी एक गोष्ट कुणालाही सांगितली नाही. दोन मीटरांचा नियम त्यांना सोयीचा झाला होता. साथीपूर्वी वडील जेवताना खोकले की त्यांना ताटावरून उठावेसे वाटे आणि उठता येत नसे. आता दूर राहणे हेच कर्तव्य ठरले होते, आणि शेजारपाजारचे लोक त्यांचे कौतुक करीत होते. त्या कौतुकाचीही त्यांना शिसारी येई. पण ते त्यांनी नाकारले नाही.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "खोलीत बसून त्यांच्या पायांतलं बळ चाललंय. पाय गेले की मागोमाग श्वास जातो. एकदा सायकल चालवू दे त्यांना. पण कुणी जवळ येता कामा नये. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये."

ताईंनी वडिलांना विचारले, पहाटे एकटे जाऊन येता का?

"एकटा?" दारातून वडील म्हणाले. "मी काय कुत्र्याला फिरवायला नेतोय? क्लब असेल तर जातो. टाकीपर्यंत."

टाकी म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरची पाण्याची टाकी, नऊ किलोमीटर. क्लबाची प्रत्येक मोहीम तिथून सुरू झाली होती.

"बाबा, अहो क्लब म्हणजे माणसं."

"मग मी काय म्हणालो?"

ताई क्लबाच्या सफर-चिटणीस होत्या. मार्ग आखणे, परवानगी काढणे आणि सफरीनंतर वहीत अहवाल लिहिणे हे त्यांचे काम. प्रशासनाने आठ जणांच्या सफरीला परवानगी दिली. चालत्या सायकलींमध्ये वीस मीटर अंतर ठेवण्याची अट होती. ही अट वाचून ताईंना बरे वाटले, कारण अंतर हा त्यांचा विषय होता. पाचशे मीटरला दहा सेंटिमीटर या प्रमाणात त्यांनी मार्गाचा नकाशा काढला. वीस मीटर म्हणजे कागदावर चार मिलिमीटर. आठ सायकलींचे आठ ठिपके त्यांनी चार-चार मिलिमीटरांवर मांडले आणि पहिला ठिपका लाल केला. तो वडिलांचा. त्यांच्यापुढे कुणी नसेल. म्हणजे त्यांच्या वाट्याला कुणाचा उच्छ्वास येणार नाही. दुसरा ठिपका स्वतःचा, राखणीसाठी.

बैठक घड्याळवाल्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर झाली. घड्याळवाले क्लबाचे सर्वांत जुने सभासद. घड्याळे दुरुस्त करीत. ताईंनी फुटपाथवर खडूने वर्तुळे काढली होती आणि प्रत्येकाने आपापल्या वर्तुळात उभे राहायचे होते. क्लबातला सर्वांत वेगवान गडी, जो बँकेत कॅशियर होता, एक पाय वर्तुळाबाहेर टाकून उभा राहिला.

ताईंनी नियम वाचले. तिसरा नियम असा होता की थुंकायचे नाही; अगदी थुंकायचेच असेल तर कडेला उतरून रुमालात.

"ताई, रुमालात थुंकायचं तर सायकल कशाला?" कॅशियर म्हणाला. "घरीच बसून थुंकू की."

"तुमच्या घरच्यांना विचारून घ्या आधी."

हशा पिकला. कॅशियर हनुवटीवरच्या मास्कनेच नाक पुसत म्हणाला, "फूटपट्टी घेऊन येणार का मागे?" क्लबात ताईंचे टोपणनाव फूटपट्टी होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे लक्ष नावाकडे नव्हते. ज्या कापडाने तोंड झाकायचे त्याच कापडाला या इसमाने नाक पुसले होते, आणि आता तो ते पुन्हा तोंडावर चढवीत होता.

घड्याळवाले नकाशा बराच वेळ बघत होते. "ताई, एक बोलू? अंतर मीटरमध्ये नका धरू. सेकंदांत धरा. पुढचा चढाला लागला की हळू होतो, मागचा अजून सपाटीवर असतो. विसाचे पाच कधी झाले ते कळत नाही. त्यात काका सगळ्यांत पुढे."

"बाबांना मागे ठेवून सगळ्यांचे श्वास पाजू का?"

"तसं नव्हे हो. दोन-दोन मिनिटांनी सोडा एकेकाला."

"मला अंतर मोजायला घड्याळ लागत नाही."

"मला तर वेळ बघायलाही लागत नाही," घड्याळवाले शांतपणे म्हणाले. "दुकानात अडीचशे आहेत, सगळी बंद."

पुन्हा हशा झाला आणि मुद्दा त्या हशात वाहून गेला. ज्याला आयुष्यभर जमीन मोजायची सवय असते त्याला समोरची प्रत्येक वस्तू जमिनीसारखी स्थिर वाटते. सायकली स्थिर नसतात, हे ताईंना अर्थातच माहीत होते. पण कागदावर ठिपके हलत नाहीत, आणि विश्वास कागदावर होता.

सफरीच्या सकाळी ताईंनी रस्त्यावर टेपने मोजून वीस-वीस मीटरांवर आठ चुन्याच्या रेघा मारल्या. वडील घराबाहेर आले. पाच महिन्यांत त्यांचे मनगट हँडलच्या नळीएवढे बारीक झाले होते, पण सायकलीवर टांग टाकताना त्यांनी कुणाचा आधार मागितला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅशियर आपली रेघ सोडून दोन्ही हात पसरून धावत आला.

"काका! ओळखलं का?"

ताईंनी मध्ये आपली सायकल आडवी घातली. "हात खाली. रेघेवर जा."

"अहो, भेटतोय नुसता."

"डोळ्यांनी भेटा."

"जा रे बाबा," वडील म्हणाले, "नाहीतर ती तुझाही नकाशा काढेल."

सपाटीवरचे सहा किलोमीटर व्यवस्थित गेले. वारा पाठीमागून होता आणि सगळे खुशीत होते. ताई दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होत्या. ठिपके जागच्या जागी होते. मग टेकडी लागली.

वडील चढाला लागले आणि त्यांचा वेग चालणाऱ्या माणसाइतका झाला. वीस मीटर राखायला ताईंनी ब्रेक दाबला. त्यांच्या मागे घड्याळवाल्यांनी दाबला, आणि त्यांच्या मागच्यांनी दाबला नाही, कारण चढावर ब्रेक दाबणे हे कुठल्याच सायकलस्वाराच्या पायांना पटत नाही. एका वळणात आठ जणांची रांग घोळक्यात बदलली. ताईंना आधी ते ऐकू आले. धापांचा आवाज, फुरफुर, कुणीतरी खाकरून घसा मोकळा करण्याचा तो दीर्घ, ओला, खरवडणारा आवाज. एकाने अंगठ्याने एक नाकपुडी दाबून दुसरी रस्त्यावर रिकामी केली आणि हात मांडीला पुसला. दुसऱ्याचा मास्क घामाने भिजून ओठांत ओढला जात होता, सुटत होता, पुन्हा ओढला जात होता.

"मागे राहा!" त्या ओरडल्या.

"एवढी हळू चालवली तर पडेन मी," कॅशियर ओरडला, आणि सीटवरून उठून तो ताईंच्या बाजूने पुढे गेला. वडिलांपाशी पोहोचल्यावर तो मुद्दाम हळू झाला. त्याच्या आणि त्यांच्या खांद्यांत वीतभर अंतर होते. तोंड वडिलांकडे वळवून, उघड्या तोंडाने, धापा टाकीत तो म्हणाला, "काका, अजून दम आहे हं!" मग पुढे जाऊन डावीकडे थुंकला. उन्हात त्या थुंकीची एक लांब तार झाली, ती हँडलच्या टोकाला चिकटली, आणि त्याने ती बोटाने तोडली.

टाकीपाशी पोहोचेपर्यंत सगळे एकत्र झाले होते. वडिलांच्या भोवती अर्धवर्तुळ करून कुणीतरी फोटोसाठी हात लांब केला होता. "काका, इकडे बघा, हसा." वडील हसत होते. त्यांना बोलता येत नव्हते इतका दम लागला होता, आणि ते हसत होते.

ताईंनी सायकल टाकून दिली. "तोंडं आहेत की गटारांची झाकणं?" त्या म्हणाल्या. "उघडली ती उघडीच! मागे व्हा सगळे. मागे!"

"ताई, एवढं काय? मोकळ्या हवेत आहोत आपण."

"हवेतच तर आहात. जे आहे ते सगळं हवेतच सोडताय. नाकातलं, घशातलं, पोटातलं. या माणसाला काही झालं तर काय पाठवणार आहात मला? हा फोटो?"

वडिलांनी हाताने 'असू दे' अशी खूण केली, त्याने त्या अधिकच चिडल्या. सगळ्यांनी अर्धा तास इथेच थांबावे, आपण वडिलांना घेऊन पुढे जातो, असे त्यांनी जाहीर केले. घड्याळवाले मनगटाकडे बघत म्हणाले, "अर्धा तास मी मोजतो. तुम्ही निघा."

उतार संपून सपाटी लागली तेव्हा मघाचा वारा समोरून येऊ लागला. पुढे वडील, वीस मीटर मागे ताई, आणि सबंध रस्त्यावर दुसरे कुणी नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी येत होते, नाक गळत होते, आणि त्या मनात अहवाल लिहीत होत्या. 'बेजबाबदार' हा शब्द त्यांनी खोडला आणि 'ओंगळ' घातला. कॅशियरसाठी एक स्वतंत्र परिच्छेद ठेवला. त्याला क्लबातून काढावे अशी शिफारस कोणत्या शब्दांत करावी, याचा विचार चालू असताना वारा पडला. पायांना हलके वाटू लागले. ताईंना बरे वाटले. शिफारशीचे वाक्यही सुचले.

त्याच क्षणी त्यांच्या उजव्या गालावर काहीतरी कोमट आणि चिकट येऊन बसले.

वारा पडलेला नव्हता. वडिलांची पाठ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. शर्टाची घामाने चिकटलेली शिवण त्यांना दिसत होती, मानेवरचे पांढरे केस दिसत होते. ताईंचे पुढचे चाक वडिलांच्या मागच्या चाकाला जवळजवळ टेकले होते, आणि ते तिथे किती वेळ होते हे त्यांना सांगता आले नसते. पाच मिनिटे? दहा? मेंदू इतरांची घाण नोंदवण्यात गुंतलेला असताना पायांनी चौदा-पंधरा हजार वेळा केलेले काम पुन्हा एकदा केले होते.

त्या थांबल्या. रुमाल काढून गाल पुसला, रुमाल टाकून दिला, मग टाकलेला रुमाल रस्त्यावर पडलेला पाहून तो पुन्हा उचलावा लागला. कडेच्या गवतात वाकून त्यांना दोनदा कोरडी उलटी आली. वडील पुढे जाऊन थांबले होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

घरी आल्यावर ताईंनी चेहरा चार वेळा साबणाने धुतला आणि मागच्या खोलीच्या दारापाशी दोन मीटरांवर येऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, मी तुमचं चाक धरलं होतं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुझ्या मागच्या चाकाची कटकट मी झोपेतही ओळखेन. जवळ आलीस तसा मी थोडा हळू झालो. वारा लागत होता तुला."

"हळू झालात?" ताईंचा आवाज चढला. "मी इतकं सगळं केलं ते कशासाठी? आणि वर थुंकलात!"

"तोंडात आलं. गिळू काय?"

"तिसरा नियम..."

"रुमाल काढायला हात सोडला असता तर मी पडलो असतो आणि तू माझ्यावर." वडिलांनी दम घेतला. "किळस आली ना?"

ताईंनी खोटे बोलायचा विचार केला. "आली."

"हं. पाच महिने येतेय. भांडं उचलतेस तेव्हा गाल फुगलेले असतात तुझे. लहानपणी विहिरीत सूर मारायच्या आधी फुगवायचीस तसे." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ताईंना ते ऐकवेना. "मलाही येते गं माझी. मला मात्र दोन मीटर लांब जाता येत नाही."

ताई ताट आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी क्लबाच्या ग्रुपवर एक फोटो आला. अर्धा तास थांबणे कॅशियरला जमले नव्हते. घड्याळवाल्यांची नजर चुकवून तो दुसऱ्या वाटेने पुढे येऊन परतीच्या रस्त्यावरच्या पुलावर उभा राहिला होता. फोटोत वडील हँडलवर वाकले होते आणि ताई त्यांच्या चाकाला चिकटल्या होत्या. खाली त्याने लिहिले होते: 'वीस मीटर? फूटपट्टी घरी राहिली वाटतं.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. नकाशा तपासावा तसा कोपऱ्याकोपऱ्याने पाहिला. तोंड उघडे होते. नाकाखाली ओले चमकत होते. मास्क हनुवटीवर उतरला होता. तो कधी उतरला हेही त्यांना आठवत नव्हते. टाकीपाशी ज्या चेहऱ्यांवर त्या ओरडल्या होत्या त्या सहांत हा सातवा चेहरा कुणीही ठेवला असता तर वेगळा दिसला नसता. त्यावर एक सुखाची छटा होती आणि तेवढीच छटा त्यांना सर्वांत घाणेरडी वाटली.

त्यांनी वही काढून अहवाल लिहिला. त्यात 'ओंगळ' हा शब्द आला नाही. 'नियम मोडणारे: एकूण सात. पहिले नाव चिटणिसांचे.' पुढे वेळ, ठिकाण, अंदाजे अंतर. कॅशियरचे नाव चौथे होते आणि त्याच्यासाठी एकच ओळ होती. ते पान त्यांनी ग्रुपवर टाकले. हसऱ्या चेहऱ्यांची रांग तिथेच थांबली. कॅशियरने दुसऱ्या दिवशी फोटो काढून टाकला. माफी मागितली नाही, आणि ताईंनी अपेक्षाही केली नव्हती.

सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळे सांगितले. स्वतःचा भाग त्यांनी आधी सांगितला.

"परतताना वारा समोरून होता म्हणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "मग तुमचा श्वास मागे जात होता. तुमच्यापासून त्यांना फारसा धोका नव्हता. झाला तर तुम्हालाच. पण त्यांना आजारच नाहीये, तेव्हा नुसती घाण झाली म्हणायची."

"म्हणजे ठीक आहे?"

"थांबा. परतताना समोरून, म्हणजे जाताना पाठीमागून. आणि जाताना ते सगळ्यांत पुढे होते?"

"हो. त्यांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून."

"ताई, मागून वारा असताना सात माणसांच्या पुढे ठेवलंत त्यांना. चढावर, सगळे धापा टाकत असताना." मग त्या सौम्यपणे म्हणाल्या, "चौदा दिवस. सकाळ-संध्याकाळ ताप बघा."

ताईंनी नकाशा पुन्हा उघडला. उत्तर दिशेचा बाण त्यांनी कोपऱ्यात सुबक काढला होता. प्रमाण लिहिले होते, उंचीच्या रेषा होत्या, रस्त्याकडेचे तीन नळसुद्धा होते. वाऱ्याला नकाशात जागा नव्हती. ज्या गोष्टीची त्यांना किळस आली होती ती निरुपद्रवी निघाली. आणि जी त्यांनी स्वच्छतेसाठी, प्रेमाने, चार मिलिमीटरांच्या अचूकतेने आखली होती तिने सात तोंडांतली वाफ एका म्हाताऱ्याच्या मानेवर नेऊन सोडली होती.

"तुम्हाला कळलं होतं ना?" त्यांनी दारातून विचारले. "वाऱ्याचं?"

"निघतानाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रद्द केली असतीस." वडील खिडकीकडे बघत होते. "मला टाकी बघायची होती."

चौदा दिवस ताई थर्मामीटर दाराशी ठेवत राहिल्या. पाचव्या दिवशी खोकला वाढला आणि त्या दिवशी त्यांनी कार्यालयात एका नकाशावर रस्त्याची रुंदी दुप्पट काढली. नंतर तो सबंध नकाशा फाडून पुन्हा काढावा लागला. सातव्या दिवशी खोकला पूर्वीसारखा झाला. दर वेळी पारा बघताना त्या मनात कॅशियरला शिव्या देत आणि अर्ध्यात थांबत, कारण शिवी पुढे सरकून ज्या बाईवर जाऊन पडे ती त्यांच्या ओळखीची होती. भांडे उचलताना त्यांनी एकदा गाल न फुगवता चालून पाहिले. सहाव्या पावलाला भांडे हातातून निसटले असते. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा श्वास रोखला. आतून वडील म्हणाले, "फुगव बाई, फुगव. मोरीत सांडण्यापेक्षा बरं."

पंधराव्या दिवशी ताप नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या सफरीला परवानगी दिली, आणि आखणी या वेळी घड्याळवाल्यांनी केली. दोन-दोन मिनिटांनी एकेकाला सोडायचे, सर्वांत वेगवान आधी, सर्वांत हळू शेवटी, म्हणजे अंतर फक्त वाढत जाईल. टाकीपाशी थांबायचे नाही; वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने परत. कॅशियरला पहिले सोडायचे आणि त्याला मागे वळायला बंदी. वारा त्या सकाळी कोणत्या बाजूचा आहे ते बघूनच 'हो' म्हणायचे. वडिलांचा क्रमांक आठवा.

"तुम्हाला सातवं ठेवू?" घड्याळवाल्यांनी विचारले. "काकांच्या पुढे. दोन मिनिटं."

"मला यादीत घेऊ नका."

"ताई, एका चुकीवरून..."

"चूक नव्हती हो. पायांना वारा दिसला की ते विचारत नाहीत मला. घेऊ नका."

वडील गेले. दार लागल्यावर ताईंनी मागची खोली उघडली, पलंग ओढून बाहेर काढला, फरशी दोनदा फिनाइलने पुसली, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात टाकले. मग त्या रिकाम्या खोलीत स्टुलावर बसल्या. घरात कुणी खोकत नव्हते. खिडकीतून हवा येत होती आणि ती त्यांनी पूर्ण छातीभर आत घेतली, एकदा, दोनदा. पाच महिन्यांत घर इतके चांगले वाटले नव्हते. हे घर असेच राहिले तर, असा अर्धा विचार मनात आला, आणि तो पूर्ण होण्याआधी त्यांनी बादली उचलून मोरीत ओतली. विचार मोरीतून गेला नाही. तो त्यांच्याजवळच राहिला, आणि त्याच्यापुढे कारकुनाचे बोट, कॅशियरची तार, वडिलांचे भांडे, सगळे त्यांना साधे, धुऊन निघणारे वाटले.

दोन तासांनी वडील परतले. दाराबाहेर सायकल टेकून, दम खात, ते दोन मीटरांवर उभे राहिले. चेहरा लाल झाला होता.

"कशी झाली?"

"चांगली. परतताना वारा फार होता. सगळा मलाच लागला."

ताईंनी बूट ठेवायला दाराशी कागद पसरला. "थुंकलात?"

"तीनदा," वडील म्हणाले. "मागे कोणी नव्हतं."